खालाचं रेल्वेगाव

"रेल्वे आली की गाव होतं," असं म्हणत खाला ओलं बोट टेबलावर ओढायची. दोन रेघा म्हणजे रूळ, बाजूचा ठिपका म्हणजे तिची खानावळ. अबू धाबीच्या वाळवंटात, रुवैसच्या अलीकडच्या त्या उन्हात रेघा बघता बघता सुकायच्या. ती पुन्हा बोट बुडवायची.

हट्टानं बुडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी व्यापारी माणूस, गोण्या वाहून वर आलो, आता खानावळींना तांदूळ-मसाले पुरवतो. बुडणाऱ्याचा मला आधी राग येतो, कीव नंतर. खालावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

आधी दुबईत, बर दुबई भागात तिची खानावळ झकास चालली होती. रायगडची विधवा बाई, हाताला चव अशी की बांगड्याच्या सालनासाठी लोक अब्रात, म्हणजे होडीत बसून खाडीपलीकडून यायचे. पण तिचा भाचा अमेरिकेत, लास वेगसला टॅक्सी चालवतो. त्यानं फोनवर तिला त्या शहराची गोष्ट सांगितली. नुसतं वाळवंट, थोडं झऱ्याचं पाणी. मग रेल्वे आली, रेल्वेनं भर उन्हात प्लॉट लिलावाला काढले, तंबूंच्या जागी दुकानं उठली. आधी आले ते शेठ झाले. इकडे आपल्या वाळवंटात रूळ पडायला लागले, तसा खालानं दुबईचा गाळा सोडला आणि रुळांशेजारी जाऊन बसली.

"आणि पुढे काय झालं तिथं?" जेवणारे मुद्दाम विचारायचे.

"पुढे मोठी होटेलं झाली."

"होटेलांत काय चालतं, खाला?"

"भाकरी घे, गरम आहे."

जुगार हा शब्द तिनं तोंडातून कधी काढला नाही.

रूळ टाकणाऱ्यांचा कॅम्प होता तोवर बाकांवर जागा मिळत नसे. काम संपलं, कॅम्प हलला, खलास. गाड्या धावू लागल्या त्या मालाच्या. डबे धडधडत जायचे, उतरायचं कुणी नाही. तिचा व्हिसा खानावळीच्या लायसनवर होता. धंदा बसला की बाईनं देश सोडायचा, सरळ गोष्ट.

"माणसांची गाडी येईल, इन्शाल्ला. इथंच थांबेल."

मी दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत तिच्यासाठी गाळा शोधला. घसा बसेपर्यंत मालकाशी भांडून भाडं खाली आणलं. इतका तगडा सौदा मी स्वतःसाठीही केला नव्हता. ती म्हणाली, "शेठ, तुम्हाला धीर नाही."

माझं डोकं फिरलं. तिच्याच फोनवरून भाच्याला लावला, स्पीकरवर.

"काय रे, काय भरवतोस हिच्या डोक्यात?"

"चाचा, मी सगळं सांगतो. रेल्वेनं इथला कारखाना हलवला तेव्हा माणसं सामान बांधून निघाली, तेही सांगितलं. जवळ धरण बांधलं, जुगार आला, म्हणून शहर तगलं. खालाला तेवढं ऐकायचं नसतं. आता तर इथं माणसांची गाडी थांबतसुद्धा नाही. जुन्या स्टेशनच्या जागी होटेल आहे."

खाला उकड मळत होती. तिचे हात थांबले.

"मग तू उतरलास कुठं?"

"विमानतळावर, खाला."

उकड तिनं झाकून ठेवली. त्या दिवशी भाकऱ्या झाल्या नाहीत.

लायसन पुढे वाढलं नाही. इंटरनॅशनल सिटीचा गाळा तोवर दुसऱ्यानं घेतला, आणि तोही मी उतरवलेल्या भाड्यात! आता खाला रायगडात भावाच्या घरी असते. मी फोन करतो, भाऊ म्हणतो, "झोपलीय." सकाळीही झोपलेली, संध्याकाळीही झोपलेली. मी तरी किती वेळा विचारणार?

ती निघाली त्या दिवशी तिची बोचकी गाडीत टाकून मी हॉर्न वाजवत बसलो होतो. "यल्ला, खाला, विमान चुकेल!" ती रुळांच्या कुंपणाशी उभी होती. समोरून मालगाडी येत होती. कोकणात एसटीला दाखवतात तसा तिनं हात दाखवला. गाडी जराही हळू झाली नाही. डब्यामागून डबे गेले, शेवटचा डबा वाळूत दिसेनासा झाला, तरी तिचा हात वरच होता.