तोंड मिट आनि आयक

नर्सबाईंना काही महत्त्वाचं बोलायचं असलं की त्या आधी समोरच्या बाईच्या तोंडात थर्मामीटर खुपसत. ताप असो वा नसो. ती बाळंतीण असो, बाळंतिणीची सासू असो, नाहीतर विरजण मागायला आलेली शेजारीण असो. "तोंड मिट आनि आयक," असं म्हणायच्या आणि थर्मामीटर आत गेला की सुरू व्हायच्या. ताप मोजायला फारसा वेळ लागत नाही, हे आमच्या वाडीला पुष्कळ वर्षांनी कळलं. नर्सबाईंचा थर्मामीटर त्यांचं बोलणं संपेपर्यंत तोंडात राहायचा.

बोलघेवडी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण दुसऱ्याचं तोंड बंद करायला सरकारी सामान वापरणारी मी ही एकच पाहिली.

मालवणच्या दवाखान्यात त्या बदलून आल्या तेव्हा आमचा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि बाई सायकलवर बसली की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा थांबून बघत. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे, त्यांच्या शेजारच्या खोल्यांत एकटी राहायचे. एकदा त्या मसुऱ्याला कुणाच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या आणि येताना बैलगाडीतून रुकूताईंना घेऊन आल्या. सोबत रुकूताईंच्या दोन कोंबड्या आणि पाटा-वरवंटा. रुकूताईंचा नवरा मुंबईला गिरणीत गेला होता तो गेलाच होता. नर्सबाई जितक्या बोलायच्या तितक्या रुकूताई गप्प. दोघींचं मिळून बोलणं मोजलं असतं तर ते चार माणसांपुरतं भरलं असतं, पण सगळं एकीच्याच वाट्याला गेलं होतं.

"ही तुमची कोण?" लोक विचारायचे.

"माजी घरकारीण," नर्सबाई सांगायच्या.

मालवणीत घरकारीण म्हणजे घरधनीण, बायको. लोक पोट धरून हसत. नर्सबाईही हसत. पण तो विनोद नव्हता. एक चूल, एक अंथरूण, एक भांडण आणि एक समेट असा त्या दोघींचा रीतसर संसार होता. शेजारी राहून मला तो कळला. आणखी कुणाला कळला असेल तर तो बोलला नाही, कारण घरात सून अडली की रात्री-अपरात्री धावून येणारी बाई पंचक्रोशीत ही एकच होती. अशा बाईशी कोण वाकडं घेणार?

एका दुपारी त्यांनी थर्मामीटर माझ्या तोंडात घातला. मला ताप नव्हता. मी वह्या तपासत होते.

"तोंड मिट आनि आयक. मुंबयसून बायकांची मासिकां येतत. सगळ्यांत नवरो. नवऱ्याक काय आवडता, नवरो रागावलो तर काय करूचा. आमी खंय आसंव तेंच्यात? आमी दोगीच आसंव काय गो ह्या दुनयेत? खंयतरी आमच्यासारखी एक तरी जोडी आसतलीच. ती आमका सोदतली कशी? म्हणान आपण मासिक काडूया. तुजा अक्षर बरा आसा. तू लिवतलंस."

माझ्या तोंडात काच होती. नाही म्हणता आलं नाही, आणि मासिक निघालं.

त्याचं नाव 'घरकारीण'. मी कार्बन लावून हाताने प्रती काढायची. सुशी त्या सुईदोऱ्याने शिवायची. सुशी म्हणजे माझी मैत्रीण, देवबागची. शाळेत मुलींना शिवण शिकवायला होडीने यायची. मासिकाचं काम सुरू झाल्यापासून संध्याकाळी तिची परतीची होडी चुकू लागली. भरती असो की ओहोटी, होडी चुकायचीच. मग ती माझ्याकडे राहायची.

मुखपृष्ठावर दोन बायका काढायच्या असं ठरलं होतं. पण मला बायका काढता येत नव्हत्या, म्हणून मी रुकूताईंच्या दोन कोंबड्या काढल्या. कुडाळच्या बाजारात कुणाच्या तरी हाती अंक पडला, तर तिथल्या एका व्यापाऱ्याने अंड्यांचा भाव विचारायला माणूस पाठवला.

आत मात्र सगळं रीतसर. 'दोघींपुरते बांगडे' ही रुकूताईंची पाककृती होती. त्यांनी तोंडी सांगितली ती अशी: "बांगडे घे. भाज. खा." संपादकांनी, म्हणजे नर्सबाईंनी, त्याचं पानभर केलं. 'दोघींच्या घरात नारळ सोलावा कोणी' यावर लेख होता. 'भांडणानंतर आधी बोलावे कोणी' यावर सल्ला होता. उत्तर असं, की जिचा राग जास्त तिने बोलावं, कारण तिच्याकडे बोलायला जास्त असतं. 'विहिरीवर चौकशा करणाऱ्यांना द्यावयाची उत्तरे' हे सदर तर फारच लोकप्रिय झालं. सौंदर्यविषयक सगळ्या प्रश्नांना नर्सबाईंचं एकच उत्तर होतं, पाणी उकळून प्या. केस गळोत की पिकोत, चेहऱ्यावर मुरुमं येवोत की सुरकुत्या, पाणी उकळून प्या.

वाचता येणाऱ्या बायका थोड्या. म्हणून नर्सबाई पिशवीत अंक घेऊन गावोगाव फिरत आणि ऐकणारीच्या तोंडात थर्मामीटर ठेवून वाचून दाखवत. पुरुषमंडळींना मासिक फार पसंत पडलं. घरकारीण म्हटल्यावर त्यांना वाटलं, बायकांना वळण लावणारं काही असेल. एका खोतांनी तर आपल्या सुनेसाठी मुद्दाम अंक मागवून घेतला. नर्सबाईंनी तो हसून दिला.

संध्याकाळी फिरतीवरून सायकल दारात टेकली की रुकूताई आतूनच एक शब्द विचारत.

"गावली?"

"नाय," नर्सबाई म्हणत आणि पाय धुवायला जात.

आमच्यासारखी जोडी सापडली का, एवढाच त्याचा अर्थ. कितीतरी महिने रोज हाच प्रश्न, हेच उत्तर.

मग नर्सबाईंनी मेहुणाची टूम काढली. आपल्याकडे देवाच्या नावाने नवरा-बायकोला जोडीने जेवायला घालतात, पाटावर बसवतात, त्यांना मेहूण म्हणतात. नर्सबाई म्हणाल्या, "लोकांच्या मेहुणांक वाडून वाडून हात दुखले माजे. आमका कदी कोणी पाटार बसवक नाय. आता आमीच बोलवया." आणि मला पुस्तकी मराठीत निवेदन सांगितलं: 'ज्या घरात दोन स्त्रिया एकमेकींच्या आधाराने संसार करतात, त्यांनी तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मेहूण म्हणून जेवावयास यावे. त्यांची मानाची जागा राखून ठेवली आहे.'

यात काय चुकलं ते आमच्या भागातला माणूस लगेच सांगेल. पण आम्हा चौघींच्या ते लक्षात आलं नाही. अहो, आमच्याकडे पुरुष सगळे मुंबईला! घरोघरी मागे राहिलेल्या दोन बायका एकमेकींच्या आधारानेच संसार करत होत्या.

रुकूताईंनी तीन जोड्यांपुरते वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली होती. सकाळी पहिली जोडी आली ती मसुऱ्याची सासू-सून. गणपतीपासून त्यांच्यात अबोला होता, तरी जेवायला जोडीने आल्या आणि एकमेकींकडे पाठ करून बसल्या. मागोमाग जावा-जावा आल्या, नणंदा-भावजया आल्या, आत्या-भाच्या आल्या. अंगण भरलं. बायका कुंपणाच्या दगडी गडग्यावर बसल्या. रुकूताईंनी न बोलता उसळीत पाणी ओतलं आणि वड्यांचे दोन-दोन तुकडे करायला घेतले.

नर्सबाई थर्मामीटर हातात धरून पंगतीतून फिरत होत्या. एकेका जोडीपुढे थांबून निरखून बघत होत्या. दोन बायका एकाच ताटात हसतखिदळत जेवताना दिसल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

"तुमी दोगी एकमेकींच्यो कोण गो?"

"सवती," त्या म्हणाल्या. "घोव मुंबयत आसा. तो येवंदे, दोगी मिळान बडवतलंव."

नर्सबाई पुढे सरकल्या. सगळ्या जोड्या बघून झाल्या तेव्हा त्यांनी थर्मामीटर डबीत ठेवून दिला.

पण आलेल्यांचा मान ठेवायलाच हवा. मेहूण आहे तर नाव घ्यायला हवं, असा त्यांनी हुकूम सोडला. मसुऱ्याच्या सासूवर पहिली पाळी आली. म्हातारी खूप वेळ लाजली, मग म्हणाली, "वाटेर पडलो काटो, काट्यार पडलो पाय, शेवंता माजी विचारता, आये, जेवलंस काय?" शेवंता म्हणजे तिची सून. तिने असं कधीच विचारलं नव्हतं हे तिच्या रडण्यावरून सगळ्यांना कळलं. "उद्यापासून विचारतंय," ती हुंदके देत म्हणाली. दोघी समोरासमोर वळून बसल्या.

"आता घरच्या मेहुणान नाव घेवचा!" कुणीतरी ओरडलं. नर्सबाई पुढे होणार एवढ्यात रुकूताई झारा घेऊन चुलीपासून उठून आल्या. नवऱ्याचं नाव घेत नाहीत तसं त्यांनी नर्सबाईंचं नाव कधी घेतलं नव्हतं. हाक मारायची तर "आयकलंस?" एवढंच. त्या अंगणात उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चुलीर शिजलो भात, वायलार तापली कडी...", मग नाव घेतलं, "...सायकलीवरसून पडली तरी मोडूची नाय जोडी!"

अंगण हसून लोटपोट झालं. नर्सबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांना बोलायला काही सुचत नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. ते नाव मी इथे लिहिलेलं नाही. ते घेण्याचा हक्क एकटीचा होता.

त्यानंतर नर्सबाई तापाने अंथरुणाला खिळल्या. मी आणि सुशी बघायला गेलो.

"'घरकारीण' आता बंद," त्या म्हणाल्या. "आखो तालुको जेवान गेलो, पण आमच्यासारखी एकव जोडी गावली नाय. दोगीच आसंव आमी. बरां तर बरां." आणि भिंतीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते.

मला ते बघवेना. मेहुणाच्या दिवशी मी आणि सुशी पाणी वाढत फिरत होतो. पाटावर बसायचा धीर मला झाला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि तो कळसा मीच. मी सुशीकडे पाहिलं. तिने उशाजवळची डबी उघडून थर्मामीटर माझ्या हातात दिला. नर्सबाईंना इकडे वळवून मी तो त्यांच्या तोंडात घातला.

"नर्सबाय, तोंड मिटा आनि आयका. सुशीची होडी कदीच चुकूक नाय. ती मुद्दाम ऱ्हवता. आमी दोगी तुमच्यासारख्योच आसंव."

नर्सबाईंचे डोळे एवढे मोठे झाले की मला वाटलं ताप डोक्यात गेला. तेवढ्यात रुकूताई पेजेचा वाडगा घेऊन दारात आल्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं.

"गावली?" त्यांनी विचारलं.

नर्सबाईंनी तोंडात थर्मामीटर असल्याने नुसती मान हलवली. जोरजोरात हलवली. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं आणि त्यांनी तो उपसून काढला.

"तुका ठावक होता?"

"होता."

"मगे माका सांगूक कित्याक नाय?"

"तू बोलूक देतंस खंय?" रुकूताई म्हणाल्या आणि पेज पुढे केली.

'घरकारीण' काही बंद पडलं नाही, आणि पुढच्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर आम्हा दोघींसाठी पाट मांडले होते. सासवा-सुनाही आल्या. त्यांनी आता हा सण आपलाच करून टाकला होता. काही वर्षांनी कुडाळकडून दोन बायका आल्या, अंक जपून पदराखाली धरलेल्या. नर्सबाईंनी त्यांना काही विचारलं नाही. वडे मात्र अख्खे वाढले. त्या संध्याकाळी रुकूताईंनीही "गावली?" म्हणून विचारलं नाही.

नर्सबाई गेल्या त्या ऐन पावसात, आठवडाभराच्या आजाराने. 'घरकारीण' त्यानंतर निघालं नाही. बोलणारीच गेली, लिहून कुणाचं घेणार?

पावसाळा सरल्यावर मी आणि सुशी एकदा रुकूताईंकडे गेलो. त्या पायरीवर बसल्या होत्या. तोंडात थर्मामीटर होता, डोळे मिटलेले.

"रुकूताई, ताप इलो काय?" मी घाबरून विचारलं.

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. थर्मामीटर हळूच काढून पदराला पुसला.

"ह्यो तोंडात घातलो काय ती बोलूक लागायची," त्या म्हणाल्या. "लागता काय बगतंय."

त्यांनी तो पुन्हा तोंडात घातला. आम्ही दोघी त्यांच्या दोन बाजूंना बसलो. तोंडं मिटली आणि ऐकत राहिलो.