हॉपरची मिरची

स्क्रीनवर सगळा हॉपर निळाशार होता. फक्त एक मिरची लालभडक.

"मॅडम, मी तं चित्रात हिरव्या मिरच्या काढाले लावल्या होत्या," धनराजभाऊ म्हणाले.

धनराजभाऊंची मूल गावात राइस मिल आहे. धान साठवायचा नवा हॉपर, म्हणजे चार पायांवरचं मोठं लोखंडी नरसाळं, आमच्या घुग्घुसच्या वर्कशॉपमध्ये बनणार होता. त्याखाली उभं राहून बाया-माणसं पोती भरणार. म्हणून वेल्डिंगआधी विश्लेषण करायचं हा माझा हट्ट. सॉफ्टवेअर मॉडेलचे बारीक तुकडे करतं आणि कुठल्या तुकड्यावर किती ताण येतो ते रंगाने दाखवतं. सर्वांत जास्त ताण तिथे लाल.

मी आमच्या ड्राफ्ट्समनकडे वळले. "सलीम, ही मिरची कुठून आली?"

"भाऊंनी सांगितलं मॅडम. या मॉडेलचा फोटो व्हॉट्सॲपवर जाणार, नवी मशीन उघडी नको म्हणून."

"नजर काय फोटोले लागत नाई का?" भाऊंनी विचारलं.

सलीमने काम मन लावून केलं होतं. दोन पायांच्या मध्ये दोरा, दोऱ्यात लिंबू, मिरच्या, देठांसकट. मटेरियल मात्र द्यायचं राहिलं. मटेरियल दिलं नाही की आमचं सॉफ्टवेअर पोलाद धरतं, आणि भाग एकमेकांना टेकले असले की वेल्ड केलेत असं समजतं. त्यामुळे पोलादी दोऱ्याला वेल्ड केलेली पोलादी मिरची आमचा हॉपर सावरत होती.

मी हे समजावलं. धनराजभाऊ खूश झाले.

"मंग बराबर आहे ना. नजर मिरचीनं घेतली. बाकी सारं निळं. आजच वेल्डिंग लावा, धान येऊन राह्यलं."

"भाऊ, रंग सर्वांत मोठ्या ताणाच्या हिशेबाने वाटले जातात. मिरचीचा आकडा एवढा मोठा आहे की बाकीचं काही दिसतच नाही. ती काढून बघू."

"मिरची काढाची नाई."

मी सलीमकडे पाहिलं. सॉफ्टवेअरमध्ये सप्रेस नावाची सोय असते. भाग फाइलमध्ये राहतो, हिशेबात येत नाही.

"काढत नाही भाऊ," सलीम म्हणाला. "जरा आराम देतो तिला."

पुन्हा हिशेबाचा रन लावला. चहा आला, प्यायला गेला. मग चारही पायांच्या वरच्या जोडावर लाल उमटलं, तेही सुरक्षित मर्यादेच्या वर. धान भरलं असतं तर पाय तिथे वाकले असते.

धनराजभाऊंनी स्क्रीनवरच्या लाल जोडाला बोट लावलं. मग सलीमला म्हणाले, "पाह्य. मिरची हटली का लागली नजर."

"लागली खरी," मी म्हटलं. "उतरवायला प्रत्येक जोडाला गसेट लावू." गसेट म्हणजे कोपऱ्यात वेल्ड करायची त्रिकोणी जाड पट्टी.

"गसेटनं उतरते?"

"पोलादाची उतरते."

"मंग लावा ना. काऊन थांबून राह्यल्या?"

गसेट लावून केलेला रन मर्यादेत आला, तेव्हा वेल्डिंग सुरू झालं.

हॉपर आता मूलला उभा आहे, भरलेला. खरी लिंबू-मिरची भाऊंनी गसेटलाच भोक पाडून बांधायची म्हटली होती. भोक मी पाडू दिलं नाही, वेगळा हूक दिला.

विश्लेषणाला मॉडेल देण्याआधी, जे वजन उचलत नाही ते बाजूला काढावं. सलीम आता आठवणीने काढतो. लिंबू-मिरचीची त्याने स्वतंत्र फाइल केली आहे आणि इतर गिऱ्हाइकंही ती मागतात.