नकली चालेल, लबाड नको

काही किळसवाणं दिसलं की मॅडम मान एका बाजूला वळवत, डोळे अर्धे मिटत आणि म्हणत, “शी. झाका ते.”

दुसऱ्या कुणी घाईत बसवलेली दाताची कॅप असो, कँटीनमधली तेलकट भाजी असो, की गॅरेजातल्या एखाद्या गाडीचं उघडलेलं बॉनेट असो, शब्द तेच. आवाजात राग नसे. ज्याला लाज वाटायला हवी होती त्याला ती वाटत नाही, म्हणून ती मॅडमनाच वाटतेय, असं काहीतरी त्यात होतं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यासोबत जेवायला बसणं अवघड असतं.

मॅडम रियाधमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात दातांच्या डॉक्टर होत्या आणि मी त्याच विभागातल्या खुर्च्या, ड्रिल आणि कॉम्प्रेसर दुरुस्त करायचो. त्या कोल्हापूरच्या, मी रत्नागिरीकडचा. मी त्यांना मॅडम म्हणे, त्या मला भाई. विभागात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे इतरांबद्दल जे काही बोलायचं ते आम्ही त्यांच्यासमोरच बोलत असू.

मॅडमच्या वडिलांचं उद्यमनगरात वेल्डिंगचं शॉप होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचे. मॅडम शाळेत असताना तिथं कुणा जहागीरदाराची जुनी विलायती गाडी दुरुस्तीला आली होती. दोनच सीट, वरून उघडी, नाक लांबलचक. मालकाचं आणि वडिलांचं काहीतरी वाजलं आणि गाडी तशीच पडून राहिली. मॅडमनी त्या वर्षीचा सगळा अभ्यास त्या गाडीत बसून केला. पुढं गाडी गेली, वडील गेले, शॉपही गेलं. मॅडमनी लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारलेलं त्यांना आवडत नसे. पण तसल्या गाडीत एकदा स्वतः बसून ती चालवायची, ही इच्छा काही गेली नाही.

इथं बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली तेव्हा लायसन्स काढायला गेलेल्या पहिल्या काहीजणींत त्या होत्या. अस्सल गाडी मिळणं शक्यच नव्हतं, तसल्या गाड्या आता श्रीमंतांच्या काचेच्या खोल्यांत असतात. राहिली नक्कल. वर फायबरची बॉडी, खाली लोखंडी नळ्यांची चासी आणि इंजिन भलत्याच कुठल्यातरी गाडीचं. हौशी लोक अशा गाड्या बांधतात किंवा बाहेरून मागवतात, मग कंटाळतात आणि दलालाकडे टाकतात. अशी एखादी नीट बांधलेली जुनी नक्कल मॅडमना हवी होती.

मी एकदा विचारलं की मॅडम, तुम्ही दिवसभर लोकांचे खोटे दात बघून नावं ठेवता आणि गाडी मात्र खोटी चालते?

“मी स्वतः खोटेच दात बसवते की,” त्या म्हणाल्या. “नकली चालेल, भाई. लबाड नको.”

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून मी बाहेर आलो की मॅडमची साधी जपानी गाडी कोपऱ्यावर उभी असे. तिथून आम्ही सुलैला जात असू. गोदामं, ट्रकांची यार्डं आणि पत्र्याच्या शेडमधली गॅरेजं. मॅडमच्या पिशवीत हातमोजे, टॉर्च, दातांत बघायचा छोटा आरसा आणि दात कोरून पाहायचा टोकदार प्रोब. गॅरेजवाल्यांना ‘डेंटिस्ट’ सांगितलं की त्यांना ‘डेंटर’ ऐकू येई. डेंटिंग-पेंटिंग करणारी बाई! एका म्हाताऱ्या पठाण मिस्त्रीनं तर त्यांना आदरानं स्टूल पुसून दिलं आणि मुंबईत कुठल्या गॅरेजात शिकलात असं विचारलं. मॅडमनी त्याचा गैरसमज दूर केला नाही. स्टुलावर मात्र त्या बसल्या नाहीत.

त्या गाडीकडे आधी समोरून बघतच नसत. मागच्या चाकाशी वाकून कडेनं नजर टाकत. सूर्याची रेघ बॉडीवर सरळ धावली तर ठीक, लाटा दिसल्या की मान वळली. मग दरवाज्याच्या फटीतून बोट फिरवायचं. वर बोट जातंय आणि खाली नखही शिरत नाही, म्हणजे चौकट वाकडी. मग बोटाच्या पेरानं टकटक. फायबर सगळीकडे सारखं वाजलं पाहिजे. जिथं आवाज बसका येई तिथं आत लांबीचा थर असे. ही गॅरेजातली लांबी, पत्र्याचे खड्डे भरायचा लगदा. बिजागरीभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे दिसले की त्या दरवाजा पुन्हा लावतही नसत, मला लावायला सांगत.

आम्ही काय काय पाहिलं ते सांगताना आजही मला हात धुवावेसे वाटतात. एका पिवळ्या गाडीच्या डॅशबोर्डाखालून मोरीच्या जाळीतून निघावा तसा वायरींचा गुंता निघाला, त्यावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर मेलेली झुरळं. दुसऱ्या एका गाडीत पेट्रोलचा वास दाबायला मालकानं अख्खी अत्तराची बाटली ओतली होती. मॅडम ओकायच्या बेताला आल्या आणि तो बिचारा माशाअल्ला, माशाअल्ला म्हणत सीटवर हात फिरवत राहिला. सीट ओली होती. कशानं ते आम्ही विचारलं नाही. एका गाडीच्या सीटबेल्टचा बोल्ट नुसत्या फायबरमध्ये पिळला होता, मागं लोखंडी पट्टीच नाही. मी बेल्टला जरा जोरात हिसका दिला तर तो बोल्टासकट माझ्या हातात आला. दलाल म्हणाला, बेल्ट दाखवायपुरताच आहे, ह्या गाडीत बेल्ट लावतं कोण?

“शी,” मॅडम म्हणाल्या. ‘झाका ते’ सुद्धा म्हणाल्या नाहीत. परत येताना त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं आधी स्वतःचे हात पुसले आणि मग एक बोळा माझ्यापुढं धरला. वाटेत मी चहा घ्यायचा का विचारलं. आज काही तोंडात घालवणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

मग ती लाल गाडी आली.

दलाल नवा होता, गोड बोलणारा. गाडीचा मालक देश सोडून गेला होता. मॅडम मागच्या चाकाशी वाकल्या आणि तशाच राहिल्या. रेघ सरळ होती. दरवाजे मऊ आवाज करून बसत होते. वायरी नीट जुडीनं बांधलेल्या. बेल्टच्या मागं जाड पट्टी. मॅडमचा चेहरा इतका मोकळा झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्या सीटवर बसल्या आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मला वाटलं, झालं, मिळाली.

मग त्या उतरल्या, मोजे घातले आणि गाडीखाली पुठ्ठा टाकायला सांगितला. वयाची पन्नाशी ओलांडलेली बाई यार्डातल्या तेलकट मातीत पाठीवर सरकत गाडीखाली गेली. पुढची चाकं चासीला जिथं जोडलेली असतात तिथं काळ्या डांबरी रंगाचा जाड थर होता. मॅडमनी प्रोब टेकवला आणि दाबला. तो आत गेला.

“भाई, इकडं या,” त्या खालून म्हणाल्या.

मी आडवा झालो. काळा थर खरवडल्यावर खाली लांबी होती आणि लांबीखाली वेल्डिंगच्या नावाखाली लोखंडाचे चार थेंब. मधे पोकळी. मॅडमनी दुसरा जोड पाहिला, तिसरा पाहिला. प्रत्येक ठिकाणी प्रोब लोण्यात शिरावा तसा शिरत होता. वर चकाकणारी बॉडी बनवणारा एक माणूस असणार आणि खालची चासी जोडणारा दुसरा. त्या दुसऱ्याला माहीत होतं की इथं कुणी बघणार नाही.

बाहेर आल्यावर मॅडमच्या केसांना माती लागली होती. दलालाला त्यांनी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला की काळजी नको, आजच दुसरं गिऱ्हाईक येतंय.

ते गिऱ्हाईक आम्ही निघायच्या आतच आलं. रास तनुराच्या बाजूला तेलाच्या कंपनीत काम करणारा एक तरुण इंजिनिअर, नाशिकचा, सोबत बायको आणि लहान मुलगी. आमचं मराठी ऐकून तो खूश झाला. मुलगी धावत जाऊन सीटवर बसली आणि तिची आई फोटो काढू लागली. मॅडमनी त्याला बाजूला घेतलं. गाडीखाली काय आहे ते सांगितलं, वाकून बघायला सांगितलं. तो हसला. पांढरा शर्ट घातला होता त्यानं. त्याच्या ओळखीच्या मेकॅनिकनं गाडी पास केली होती म्हणे. मॅडमनी पुन्हा सांगितलं, आता जरा चढ्या आवाजात.

“काकू,” तो म्हणाला, “तुम्हाला हवी असेल तर सरळ सांगा ना. एवढं नाटक कशाला?”

मॅडमची मान वळली नाही. त्या त्या मुलीकडे बघत होत्या. ती स्टिअरिंग दोन्ही हातांनी फिरवत तोंडानं इंजिनचा आवाज काढत होती. बाप पुढच्या शुक्रवारी पैसे आणतो असं दलालाला सांगून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मला फोन आला की एक सतहा बघा, म्हणजे गाडी पाठीवर चढवून नेणारा सपाट ट्रक. मी विचारलं, कशाला? तर म्हणाल्या, ती गाडी मी घेतली. कुणीही ती चालवत नेऊ नये.

मला वाटलं, दुरुस्त करून वापरणार. तसं विचारलंही. मुळापासून किडलेल्या दाताला कॅप बसवत नाहीत, एवढंच त्या म्हणाल्या. सतहा थेट तशलीहला न्यायला सांगितला, जुन्या गाड्या मोडतात त्या भंगाराच्या यार्डात. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी चिडलो. इतकी वर्षं साठवलेला पैसा त्या कापायला देणार होत्या.

मी म्हटलं, “मॅडम, असल्या गाड्या दुनियेत किती असतील. सगळ्या विकत घेणार काय?”

“बाकीच्या मी बघितल्या नाहीत,” त्या म्हणाल्या. “ही बघितलीय.”

यार्डात गॅसकटर पेटवायच्या आधी त्यांनी कामगाराकडून मोठा हातोडा मागून घेतला. त्याला वाटलं बाई गंमत करतेय. मॅडमनी पुढच्या जोडावर घाव घातला. पहिल्या घावाला काळा थर उडाला, दुसऱ्याला चाकाचा अख्खा दांडा सुटून लोंबायला लागला. कामगाराचं हसू गेलं. त्यानं तोंडातल्या तोंडात अल्लाचं नाव घेतलं. मॅडमनी हातोडा त्याच्या हातात दिला. त्यांचे ओठ घट्ट मिटले होते, ताप चढलेल्या माणसासारखा चेहरा तांबूस झाला होता. चासीचे तुकडे होईपर्यंत त्या उन्हात उभ्या राहिल्या. लाल बॉडीला भंगारात किंमत नसते, ती कामगारांनी उलटी करून एका ढिगावर फेकली.

पुढच्या शुक्रवारी इंजिनिअर पैसे घेऊन आला आणि गाडी कुणी नेली ते त्याला दलालाकडून कळलं. रात्रीपर्यंत आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सगळं पसरलं. एका ज्येष्ठ डॉक्टर बाईंनी आपल्याच माणसाला खोटी भीती घालून गाडी कशी लाटली, असं त्यानं लिहिलं होतं. खाली बऱ्याच जणांनी ‘वाईट वाटलं’ असं लिहिलं. ज्यांचे दात मॅडमनी सुट्टीच्या दिवशी बघून दिले होते असेही काहीजण त्यात होते. मला किळस आली. मी उत्तर टाइप करायला घेतलं तर मॅडम नको म्हणाल्या.

“रागवायला तो जिवंत आहे ना?” त्या म्हणाल्या. “पुरे की मग.”

तरी मी दोघातिघांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. मोडायला म्हणून गाडी विकत घेणारं माणूस असू शकतं, हे कुणाला खरं वाटेना. मंडळाच्या कार्यक्रमाचं आमंत्रण मॅडमना त्यानंतर आलं नाही. आलं असतं तरी त्या गेल्या नसत्या. तिथल्या जेवणाबद्दल त्यांचं मत मी इथं लिहीत नाही.

त्यानंतर आम्ही सुलैला गेलो नाही. शुक्रवारी नमाजेनंतर कोपऱ्याकडे माझी नजर जायची, एवढंच. वर्षभरानं मॅडमचा करार संपला. त्यांनी तो वाढवला नाही, फायनल एक्झिट घेतलं आणि कायमच्या कोल्हापूरला गेल्या. जाताना त्यांनी मला त्यांच्या खुर्चीचा कॉम्प्रेसर नीट बघायला सांगितलं. नवीन येणारा डॉक्टर कसा असेल कोण जाणे, असं म्हणून मानही वळवली.

परवा मला एका अनोळखी नंबरावरून फोन आला. तो नाशिकचा इंजिनिअर होता. आधी इकडचं तिकडचं बोलला, मुलगी आता शाळेत जाते वगैरे. मग म्हणाला की आरशाचा एक पार्ट शोधत तो सुलैच्या तशलीहला गेला होता. तिथं ढिगावर लाल बॉडी दिसली. कामगाराला विचारलं तर त्यानं सगळं सांगितलं.

“एक गाडी बघितलीय,” तो हळू म्हणाला. “मॅडमना दाखवायची होती.”

मी सांगितलं की मॅडम कोल्हापूरला गेल्या, कायमच्या. पलीकडून मुलीचा आवाज येत होता, ती बापाशी इंग्रजीत काहीतरी बोलत होती.

“मग आता बघायचं कुणी?” त्यानं विचारलं.

गाडी कुठं उभी आहे, ते मी त्याला विचारलं.