खड्ड्याला पाणी पाजणारे सर

सर कोणत्याही वस्तूला आधी हाताच्या पाठीनं शिवायचे. दाराची कडी, पाण्याची मोटार, एकदा तर प्राचार्यांची नवी स्टीलची खुर्ची. "तळव्यानं धरलं अन् करंट असला, तर मूठ मिटते. मग सुटत नाही, मॅडम," हे सांगतानाही ते घाबरायचे.

अशी भित्री माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला त्यांचा राग येतो. मी त्याच खाजगी आयटीआयमध्ये तासिकेवर ड्रॉइंग शिकवायचे आणि आम्हा तासिकावाल्यांची पत्रकं लिहायचे. एक पत्रक सरांना वाचायला दिलं. "लई छान. फक्त उद्गारचिन्हं कमी करा. यातलं एक जरी साहेबांना लागलं, तर मी गावाला!" सही केली नाही ती नाहीच.

गाव म्हणजे ओडिशात. तिथून ते वाळूजच्या एमआयडीसीत आले, वायरमनच्या हाताखाली. मराठीचा एक शब्द येत नव्हता. पहिल्याच वर्षी सोबतचा गाववाला ड्रिल मशीनला चिकटला. त्याला शिवायचं नसतं, एवढंच सरांना माहीत होतं. मेन स्विच कुठाय, हे कुणी दाखवलेलंच नव्हतं. मशीनला अर्थिंग नव्हतं. चौकशीत कुणाची चूक निघाली, ते तुम्हाला सांगायला नको: मेलेल्याची.

मग दिवसा काम आणि सुट्टीला अभ्यास. वायरमनचं लायसन, त्यावर इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्र, आणि शेवटी आमच्याकडं निदेशक, पोरांना वायरिंग शिकवायला. "तेव्हा शिकवणारा कुणी असता तर..." एवढंच म्हणायचे.

आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही नशिबानं. उन्हाळ्यात अर्थिंगची तार पुरलेला खड्डा वाळतो. जमीन कोरडी पडली की मशीनमध्ये फुटलेला करंट जमिनीत जात नाही, माणसात शिरतो. म्हणून सर घरून कॅन भरून आणायचे आणि खड्ड्यात ओतायचे.

"सर, खड्ड्याला तहान लागली व्हय?" पोरं चिडवायची.

"हसा. चिकटलात तर हसता येणार नाय."

त्या मे महिन्यात सरांच्या घरचा नळच आटला. संस्थेत टँकर आला, पण तो तपासणीसाठी लावलेल्या हिरवळीला. सर हात जोडून दोन बादल्या मागायला गेले.

प्राचार्य तिथंच ओरडले, "लोकांना प्यायला नाय अन् तुम्ही खड्ड्यात ओतता? भैया, पोरांची परीक्षा आहे. मशीन चालू करा."

"मी भैया नाही साहेब, ओडिशाचा." घाबरला माणूस भलतंच आधी बोलतो. मग ते तडक वर्कशॉपमध्ये गेले, प्राचार्य मागोमाग; तिथं त्यांनी मेनमधला फ्यूज उपसला आणि खिशात घातला. ओठ पांढरे पडले होते. "मुलगी शाळेत आहे, साहेब. मला काढू नका. पण कोरड्या खड्ड्यावर मशीन नाही चालवणार."

"फ्यूज ठेवा, नायतर गावाला जा."

"जातो."

मी भांडले. उपयोग शून्य. सर डबा घेऊन फाटकाकडं निघाले, आणि शिपाई कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा फ्यूज घेऊन आला. माणूस काढायचा असला की आपल्याकडं सामान पटकन मिळतं. फ्यूज बसला.

"चल रे, पहिला नंबर. स्विच टाक," प्राचार्य म्हणाले.

बिडकीनचं एक पोरगं पुढं आलं आणि मशीनपासून हातभर अंतरावर थांबलं. मागची रांग जागची हलली नाही.

"घाबरलात काय रे?"

"व्हय साहेब. लई."

"अरे, काही होत नाही!"

"मग तुम्ही टाका की."

प्राचार्यांनी स्विचकडं पाहिलं. मग खिशातून न वाजलेला मोबाइल काढला, कानाला लावला आणि बाहेर गेले. वर्कशॉपमध्ये कुणी हसलंसुद्धा नाही.

हे सरांना सांगायला मी धावत सुटले. फाटकाशी पोचले तोवर शेअर रिक्षा वळली होती. मागच्या काचेतून त्यांचं डोकं तेवढं दिसलं, खाली घातलेलं.