कन्नडच्या घाटातला धूर

माझा धंदा पंपाचा. म्हणजे पेट्रोल पंपाचा नव्हे. ट्रकच्या इंजिनात डिझेल मोजून सोडणारा जो पंप असतो, त्याच्या दुरुस्तीचा. हा खुलासा मला जन्मभर करावा लागला आहे, लग्नाच्या बैठकीतसुद्धा. धुळ्यात आग्रा रोडला माझं पत्र्याचं शेड होतं आणि त्या पंपावरचा एक स्क्रू माझं घर चालवत होता.

तो स्क्रू एका बाजूला फिरवला की इंजिनात डिझेल जास्त जातं, गाडीला ताकद येते आणि मागून काळा धूर निघतो. दुसऱ्या बाजूला फिरवला की धूर कमी, ताकदही कमी. कंपनी तो योग्य जागी बसवून, वर तार ओवून शिशाचं सील मारून द्यायची. पण कंपनी हिशोब करायची कागदावरच्या वजनाचा, आणि आमच्याकडे गाडी भरायची ती मावेल तेवढी. त्यामुळे नव्या ट्रकच्या कपाळावरचं कुंकू वाळायच्या आत मालक तो माझ्याकडे आणायचा. मी सील तोडायचो, पंप वाढवायचो, मग गाडी धंद्याला लागायची. नारळ फोडण्याइतकंच ते रीतीचं होतं. त्यात काही चूक आहे असं मला कधी वाटलं नाही.

नव्वद सालानंतर पीयूसी आलं. सायलेन्सरच्या नळीत यंत्राची सळई घालायची, गाडी जागेवर उभी ठेवून ॲक्सिलरेटर दाबायचा, यंत्राचा काटा रेघेच्या आत राहिला तर कागद द्यायचा. पंपाचं काम येतं म्हणून यंत्राचा परवाना मला मिळाला. शेडवर पाटी लागली, हातात शिक्का आला. बायकोला वाटलं, नवरा सरकारी झाला.

आता वाढवलेल्या पंपाची एक गाडी त्या काट्यात बसेल तर शपथ. ड्रायव्हर लोकांनी आठवडाभरात तोड काढली आणि मी ती मान्य केली. आधी स्क्रू उलटा फिरवून पंप उतरवायचा, मग चाचणी, मग कागद, मग पंप परत वाढवायचा. चारही कामं मीच करायचो, एकाच शेडमध्ये. उतरवून तसाच सोडतो म्हटलं तर पुढचा गॅरेजवाला वाढवून द्यायला बसलाच होता, आणि मग गिऱ्हाईक कागदासाठीही त्याच्याच ओळखीच्या यंत्राकडे गेलं असतं. दिवसभर तो धूर माझ्या नाकातोंडात जायचा. घरी नाक शिंकरलं की रुमाल काळा. रात्री मी स्वतःलाच शिव्या द्यायचो आणि सकाळी शटर वर करायचो.

माझा मोठा भाऊ स्वतःचा एकच ट्रक चालवायचा. सावद्याहून केळी भरायची आणि चाळीसगाववरून कन्नडचा घाट चढून खाली सोलापूरकडे न्यायची. वडिलांच्या मागे त्यानेच मला शिकवलं, पंपाचं काम शिकायला त्यानेच नाशिकला ठेवलं. वर्षभरात तो धुरासाठी दोनदा पकडला गेला होता. दुसऱ्या वेळी आरटीओच्या साहेबांनी बजावलं, तिसऱ्यांदा सापडलास तर गाडी जागेवर उभी करीन आणि परमिट अडकवीन. ट्रक उभा म्हणजे घरातली सात माणसं उभी.

चाचणीला तो माझ्याकडे आला त्या सकाळी हेच डोक्यात होतं. पंप उतरवला, काटा आत राहिला, कागदावर शिक्का मारला. मग वाढवायची पाळी आली, आणि माझा हात चालेना. पुढच्या नाक्यावर हा सापडला तर? मी बॉनेटखाली वाकलो, पान्याने दोन-चारदा ठोकलं, उगाच कण्हलो, हात पुसले आणि म्हणालो, "झालं, भाऊ."

जन्मदात्यासारख्या माणसाशी मी खोटं बोललो, आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश होतो. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर धावते, त्याला काय कळणार? पंपाचं सगळं कळणाऱ्या मला घाट आठवला नाही. खरं तर आठवला होता. चढेल कशीबशी, असं मी मनाला पटवलं.

दोन दिवसांनी शेजारच्या एसटीडी बूथवर निरोप आला. घाट उतरून आलेल्या एका ड्रायव्हरने चाळीसगावहून फोन केला होता: तुमच्या भावाची गाडी घाटात बसली आहे, चढत नाही, पंपाचा माणूस म्हणून तुम्हालाच बोलावलंय. मी पाने पिशवीत टाकले आणि चाळीसगावची एसटी धरली. तिथून पुढे एका जीपच्या मागे लोंबकळत घाटात पोचलो.

निम्म्या चढावर, अवघड वळणाच्या तोंडाशी त्याचा ट्रक उभा होता. मागच्या चाकांना दगड लावलेले. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मागे गाड्यांची रांग पार खालच्या वळणापर्यंत. उन्हाचा तडाखा आणि ताडपत्रीखाली केळी. मागचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमले होते आणि आता नुसते रस्त्याकडेला बसून भावाकडे बघत होते. ते बघणं हॉर्नपेक्षा वाईट.

भाऊ मला बाजूला घेऊन गेला. आवाज चढवला नाही.

"खरं सांग, पंप वाढवेल शे का नही?"

"नही, भाऊ."

"कसाले?"

"तुले धरतीन म्हनीसन."

मला वाटलं मुस्काटात देईल, आणि दिली असती तर बरं झालं असतं. त्याने टोपी काढली, घाम पुसला, परत घातली.

"आते तरी वाढव. बठ्ठा माल पिकी जाई."

मी पिशवी उघडली, तेवढ्यात वरून उतरणाऱ्या एका ट्रकवाल्याने खिडकीतून सांगितलं की घाट संपतो तिथे साहेबांची जीप उभी आहे, धुराच्या गाड्या बाजूला घेतायत. आम्ही दोघांनी एकदम मागे पाहिलं. मागे जाता येत नव्हतं, एवढ्या रांगेतून भरलेली गाडी कोण मागे नेणार? पुढे जायचं तर पंप वाढवल्याशिवाय चाक हलत नव्हतं, आणि वाढवला की वर सापडणं ठरलेलं. माल उतरवावा तर वळणावर पाय ठेवायला जागा नाही. पाना हातात धरून मी लहान पोरासारखा त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याने नुसती मान हलवली.

मी पंप वाढवला. गाडी थरथरली, दगड सुटले आणि मागे काळे ढग सोडत आम्ही चढू लागलो. मागच्या लोकांनी तोंडाला गमछे बांधले. मी केबिनमध्ये त्याच्या शेजारी बसलो होतो.

वर साहेबांनी हात केला. माणूस शांत होता, उर्मट नव्हता. त्यांनी सरळ विचारलं, "पीयूसी?"

कागद भावाच्या शर्टाच्या खिशात होता. घडी घातलेला, वरचं टोक मला दिसत होतं. त्यावर माझं केंद्र, माझा शिक्का, माझी सही, दोन दिवसांपूर्वीची. तो काढला असता तर साहेबांना एका नजरेत कळलं असतं की असा धूर ओकणारी गाडी कोणी पास केली. असे खोटे कागद देणाऱ्यांची यंत्रं उचलून नेतात, हे मी ऐकून होतो.

भाऊ म्हणाला, "नाही, साहेब. काढलाच नाही."

"दोनदा सापडलास, तरी काढला नाहीस?"

"चुकलं, साहेब."

मी बोलायला हवं होतं. कागद आहे, मीच दिला, गाडीवाल्याचा दोष नाही, एवढी तीन वाक्यं. तोंडात आली होती. मी काचेबाहेर बघत बसलो.

गाडी तिथेच उभी राहिली. परमिट चार महिने अडकलं. केळी दुसऱ्या ट्रकमध्ये भरेपर्यंत निम्मे घड काळे पडले. आम्ही दोघं चाळीसगावच्या एसटीत शेजारी शेजारी बसून खाली उतरलो. घाट संपल्यावर त्याने खिशातून कागद काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"फाडी टाक," म्हणाला.

त्या दिवशी त्याने सांगितल्याबरोबर मी केलेलं एवढं एकच काम.