टीव्हीला घातलेली शाल

सेशनची वेळ झाली होती आणि आमच्या संस्थेचे सचिव अजून समईच पेटवत होते. पंख्याने वात विझायची, पण पंखा बंद करायचं कुणाच्या डोक्यात येईना. टीव्हीवर जपानमधल्या एका शाळेची मुलं गपगुमान हे बघत होती.

मी कडेगावजवळच्या हायस्कूलात इंग्रजी शिकवतो. एक्स्चेंज सेशन म्हणजे दोन देशांतल्या वर्गांनी व्हिडिओ कॉलवर एकमेकांशी बोलायचं. मुलांनी मुलांशी. वेळ जेमतेम एक तास, कारण आपली शाळा रंगात येते तेव्हा त्यांची सुटायला आलेली असते.

आमच्याकडून नववीतली सविता पहिली बोलणार होती. घरची मेंढरं. तिची जपानमधली जोडीदार युई हिने मेसेज करून विचारलं होतं, एवढ्या मेंढरांत आपलं कुठलं ते कसं ओळखता? सविता उत्तर तयार करून, लोकर आणि सूत काढायची टकळी घेऊन आली होती. दोन दिवसांत घरचे मेंढरं घेऊन काही महिने गाव सोडून चारणीला निघणार होते. यंदा तीही जाणार होती. तिला एवढाच दिवस होता.

सचिवांना सेशनचं आदल्या दिवशी कळलं आणि घात झाला.

"आवं सर, परदेशातलं पाव्हणं हायती. सत्कार न्हाई म्हंजे काय रीत झाली?"

वेळ कमी आहे, मुलांना बोलू द्या, असं मी परोपरीने सांगितलं. ऐकतो कोण! प्रास्ताविक झालं, परिचय झाला, मग युईच्या बाईंचा सत्कार. बाई जपानात. शाल द्यायची कुणाला? सचिवांनी ती टीव्हीलाच घातली. टीव्हीच्या डोक्यावर कॅमेरा बसवलेला. तो शालीखाली गेला आणि तिकडे नुसता अंधार.

मी शाल काढायला धावलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"सत्काराची शाल लगेच काढत्यात व्हय?"

टाळ्या पडल्या. पुढं भाषण, तेही मराठीत. तिकडची पोरं बिचारी काळ्या पडद्याकडे बघत ऐकत बसली. भाषण संपलं तेव्हा त्यांची घंटा झाली. बाईंनी वाकून निरोप घेतला आणि कॉल बंद झाला.

सविता टकळी धरून उभीच होती. "सर, मी बसू का आता?" म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिपायानं चहा पुढं केला, तो मी तसाच परत पाठवला.

त्या रात्री मी युईच्या बाईंना सगळं लिहून माफी मागितली. त्यांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा वेळ दिली. तोवर सवितानं गाव सोडलं होतं. कऱ्हाडच्या अलीकडे एका तोडलेल्या उसाच्या रानात त्यांचा तळ पडला होता. मी मोटरसायकल काढली, तिथं जाऊन मोबाइल धरला आणि तोंड बंद ठेवलं. सवितानं सूत काढून दाखवलं. युईनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. सवितानं नावानं हाक मारली, तशी एक मेंढी कळपातून निघून तिच्याकडे आली. तिकडचा अख्खा वर्ग उठून उभा राहिला.

सचिवांना हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी ऑफिसात बोलावून घेतलं. "मला बोलवायचं न्हवतं व्हय, सर?"

"बोलवलं असतं तर तुम्ही आला असता," मी म्हणालो.

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. सेशन वेळेवर सुरू होतात.