काचेच्या पेटीतलं फडकं

माझी आत्या चतुराबाई चोर? अहो, जिनं उभ्या जन्मात दुसऱ्याच्या बांधावरचं बोर उचललं न्हाई, ती चोर! आजही आठवलं की माझं डोकं सणकतं.

जालन्यात रामकिसनशेठचं तीन मजली कापडाचं दुकान होतं. खाली धोतरं-लुगडी, मधे लग्नाचे शालू, अन् वर गोऱ्यापान पुतळ्या. त्या पुतळ्यांना रोज नवी साडी नेसवायची, हे आत्याचं काम. नवरा गेल्यावर हसनाबादहून आली अन् असं नाव काढलं, की बायका "मलाबी त्या पुतळीसारखी नेसवून द्या" म्हणून अडून बसायच्या. निऱ्या नीट बसल्या न्हाईत तर आत्या पुतळीलाच दटावायची, "सरळ उभी राहा गं, भवाने!"

दुकानात शिरताच समोर काचेची पेटी. तिच्यात एक जाडंभरडं, ठिगळ लावलेलं फडकं. शेठचे आजोबा पुंजारामबाबा निजामाच्या राज्यात त्यात कापड बांधून, पाठीवर घेऊन कुंभार पिंपळगावच्या बाजाराला जायचे. त्या गाठोड्यातून एवढं दुकान उभं राह्यलं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, शेठ ते गादीवर काढून पूजा करायचे अन् परत पेटीत ठेवायचे.

अठ्ठ्याऐंशी सालची आखाजी. सुट्टी म्हणून मी अन् माझी धाकटी बहीण बेबीनंदा दिवसभर दुकानातच. लग्नसराईची ही झुंबड! संध्याकाळी बघतात तर पेटी रिकामी. सकाळी पेटीची काच कोणी पुसली? चतुराबाईनं. झालं! शेठ तडकले. नोकरांसमोर, गिऱ्हाइकांसमोर आत्याची पिशवी जमिनीवर उपडी केली. डबा, कंगवा, टाचण्या सगळ्या विखुरल्या. फडकं काही निघालं न्हाई.

"उद्या फडकं आणा, न्हाईतर पायरी चढू नका," शेठ म्हणाले.

आत्या नुसती लाल झाली. मला म्हणाली, "काम गेलं तर जाऊ दे, विमे. पण नाव गेलं तर कुणाला तोंड दाखवू?"

मी पेटलेच. "बेबे, चोर धरायचाच!"

पण शालू सोडून ठिगळ कोण चोरणार? आम्ही दोघी कोपरा न् कोपरा धुंडाळला. बेबी शेठच्या गादीमागं शिरली अन् ओरडली, "ताई, हे बघ!"

नवंकोरं पांढरं फडकं, वर लाल अक्षरात दुकानाचं नाव. लग्नाचा बस्ता, म्हणजे नवरीपासून मावश्यांपर्यंत सगळ्यांची कापडं, असल्याच फडक्यात बांधून द्यायची दुकानाची रीत. गाठ शुभ म्हणून शेठ स्वतः मारायचे. एका बस्त्याला एक फडकं आधीच काढून ठेवलेलं असायचं. शेवटचा बस्ता राजूरच्या कडूबांचा. ट्रॅक्टर भरून आल्ते, घाईघाईत गेल्ते. बस्ता गेला, मंग त्याचं फडकं इथं कसं?

पूजा झाल्यावर जुनं फडकं गादीवरच राह्यलं असणार!

सकाळी आत्याला ओढतच राजूरच्या एस्टीत बसवलं. कडूबांच्या घरात बस्ता देवापुढं पाटावर होता, हळद-कुंकू वाहिलेला. अन् बांधला होता ठिगळवाल्या फडक्यात! मी टुणकन उडीच मारली.

कडूबांची आई दुर्गाबाई म्हणाली, "आम्हीबी कालपासून म्हणून राह्यलो, एवढं मोठं दुकान अन् फडकं असलं कसं दिलं!"

"कोणी बांधलं हो?" आत्यानं विचारलं.

"शेठनंच की! चष्मा कपाळावर, अन् तोंडानं जल्दी करा, जल्दी करा."

आम्ही नेलेल्या नव्या फडक्यात त्यांनी बस्ता हसत हसत बांधून घेतला.

दुपारी भरल्या दुकानात आत्यानं फडकं शेठपुढं ठेवलं अन् दुर्गाबाईचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं. शेठचा चेहरा पार उतरला. पुढं वाकून हळूच पुटपुटले, "चुकलं माझं."

"पिशवी सगळ्यांदेखत उपडी केल्ती," आत्या म्हणाली. "मंग चुकलं हे कानात काहून सांगून राह्यले?"

अन् ताडताड जिने चढून आपल्या पुतळ्यांकडं निघून गेली. मी मागोमाग. थोड्या वेळानं दुकानातला मायक खरखरला. "चतुराबाईंनी फडकं नेलं न्हवतं. मीच त्यात बस्ता बांधून दिला. मी त्यांची माफी मागतो."

आत्यानं डोळे पुसले, पदर खोचला अन् कठड्यावरून खाली वाकली.

"शेठ, वरच्या मजल्यावर बराबर ऐकू आलं न्हाई. अजून एकदा सांगा!"

अन् शेठनं सांगितलं.